फिद्दाची पाठ

"उम्म नवाफ, ऐकू येतंय का माझं?"

फिद्दाने डोळे उघडले. दारात जानसेत उभी होती. केसांना टॉवेल गुंडाळलेला, हातात पाण्याची बाटली. खोलीतले हीटर केव्हाच बंद झाले होते, पण जमीन अजून ऊन होती आणि बायकांच्या घामाने ठिकठिकाणी ओली होती. त्या ओल्या जमिनीवर फिद्दा उताणी पडली होती, शेजारी पुसणं आणि बादली.

"येतंय, मिस. पाठ धरली होती. म्हटलं, पुसायला घ्यायच्या आधी दोन मिनिटं टेकावं. जमिनीची ऊब लागली आणि..."

"आणि वीस मिनिटं झाली. मला वाटलं तुम्ही गेलात."

"माझं नशीब तेवढं कुठलं."

जानसेत हसली नाही. ती आत आली आणि तिच्याजवळ मांडी घालून बसली. "उठून दाखवा बरं."

फिद्दा आधी कुशीवर वळली, मग दोन्ही हात टेकून गुडघ्यांवर आली, मग भिंतीचा आधार शोधत, ओठ दातांखाली धरून उभी राहिली. उभी म्हणजे वाकलेलीच. तेवढ्यानेही तिच्या कपाळावर घाम आला होता, आणि तो काही खोलीच्या उकाड्याने नव्हता.

"कधीपासून आहे हे?"

"बारा वर्षं झाली. त्याआधी नवाफ चालायचा."

लुवैबदेच्या टेकडीवर, तिसऱ्या मजल्यावरच्या या योगवर्गात फिद्दा तीन महिन्यांपूर्वी कामाला लागली होती. बायका बंद खोलीत चाळीस अंशांत दीड तास हातपाय ताणत, बाहेर येऊन लाल तोंडांनी पाणी पीत आणि जात. मग फिद्दा मॅट पुसायची, जमीन पुसायची, आरसे पुसायची. अम्मानच्या हिवाळ्यात, जिथे घराघरांत लोक गॅसच्या शेगडीला पाय लावून बसतात, तिथे कुणी घाम काढायला घरातून निघतं याचं तिला पहिला आठवडाभर नवल वाटलं. नंतर त्या खोलीत पाऊल टाकलं की पाठीतली गाठ थोडी सैल होते, एवढं तिच्या लक्षात आलं. म्हणून ती पुसायच्या आधी टेकायची. आज पकडली गेली.

नवाफ तिचा एकुलता एक मुलगा; त्याच्यावरूनच तिला सगळे उम्म नवाफ, म्हणजे नवाफची आई, म्हणत. स्नायू वाळत जाण्याचा आजार. पाचव्या वर्षी तो जिना चढताना गुडघ्यांवर हात ठेवू लागला, अकराव्या वर्षी चालायचा थांबला, आणि आता तेवीस वर्षांचा होता. हातांची बोटं तेवढी हलत. त्या बोटांनी तो लॅपटॉपवर दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या शुद्धलेखनाच्या चुका काढायचा आणि तोंडाने जगाच्या. त्याचा बाप इराकच्या रस्त्यावर ट्रक चालवायचा. नऊ वर्षांपूर्वी त्याच रस्त्यावर गेला. तेव्हापासून नवाफला पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, न्हाणीघरातून परत, असं दिवसातून आठ-दहा वेळा उचलणारी एकटी फिद्दा होती. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने तिच्या मणक्याची फिल्म उजेडात धरून सांगितलं होतं की दोन चकत्या सरकल्यात, चहाच्या किटलीपेक्षा जड काही उचलू नका. "मग माझ्या मुलाला कोण उचलणार, डॉक्टर? तुम्ही येता का रोज?" असं तिने विचारलं, तेव्हा त्याने गोळ्या लिहून दिल्या.

जानसेत हे सगळं ऐकून घेत होती. ती, या वर्गाची शिक्षिका, कॉकेशसमधून आलेल्या चेर्केस घरातली, चाळिशीला आलेली, काटक, बोलण्यात कोरडी.

"उद्या नऊच्या वर्गात मागच्या रांगेत उभ्या राहा," ती म्हणाली.

"मी? त्या पोरी माझ्याकडे बघून हसतील, मिस."

"पहिल्या दिवशी कुणाला हसायचं भान नसतं. तुम्ही नुसता श्वास घेतलात तरी पुष्कळ झालं."

दुसऱ्या दिवशी फिद्दा नवऱ्याचा जुना पायजमा आणि लांब बाह्यांचा सदरा घालून मागच्या रांगेत उभी राहिली. पंधराव्या मिनिटाला तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. विसाव्या मिनिटाला ती बाहेर पळाली आणि सकाळची लबने-भाकरी ओकून आली. परत आत येऊन मॅटवर नुसती बसून राहिली. अंगातून पाणी असं वाहत होतं की आपण रडतोय की काय तेही तिला कळेना. जानसेतने एकदाच मागे वळून पाहिलं आणि म्हटलं, "बसलात ते बरं केलंत. पळून गेला नाहीत."

घरी नवाफ वाटच पाहत होता. शेजारचे अबू इसाम, टपालखात्यातून निवृत्त झालेले सत्तरीचे गृहस्थ, सकाळचे चार तास त्याच्यापाशी बसायचे. त्यांना उचलणं जमत नसे, पण पाणी पाजणं आणि राजकारणावर भांडणं जमायचं.

"काय, यम्मा? काय शिकलीस?" नवाफने विचारलं. यम्मा म्हणजे आई, पण ही दोघं एकमेकांना यम्माच म्हणत. कोणी कोणाला हाक मारली ते आवाजावरून ओळखायचं.

"उंटासारखं वाकायचं म्हणे मागे. मी तिला सांगितलं, मिस, मी उंटांत वाढले, उंट असं कधी करत नाही."

"आणि?"

"आणि शेवटी मेल्यासारखं पडून राहायचं. हातपाय सैल सोडून. त्याला पण आसन म्हणतात."

नवाफने तोंड गंभीर केलं. "मग मला फुकट बदनाम केलंस तू. मी बारा वर्षं योगासनं करतोय आणि तू लोकांना सांगतेस पोरगा आजारी आहे."

अबू इसाम खोकून हसले. फिद्दाही हसली, आणि हसताना पाठीत कळ आली नाही हे तिला नंतर, ताटं धुताना लक्षात आलं.

ती रोज जाऊ लागली. पहिले सहा आठवडे तिला वाटे की हा शुद्ध छळ आहे. मग एके दिवशी, गुडघे वाकवून अधांतरी खुर्चीवर बसल्यासारखं उभं राहताना, मांड्या थरथरत असताना तिला एकाएकी उमगलं की भार पाठीवर नाहीच. तो खाली मांड्यांत, टाचांत उतरलाय. त्या संध्याकाळी तिने नवाफला उचलताना कंबरेतून न वाकता गुडघ्यांतून खाली बसून, पोट आत घेऊन, श्वास सोडत उचललं. तो वर आला. अगदी सहज.

"परत कर," नवाफ म्हणाला.

"खेळ आहे का?"

"परत कर ना."

तिने त्याला पुन्हा खुर्चीत ठेवलं आणि पुन्हा उचललं.

चार-पाच महिन्यांत ती सरळ उभी राहू लागली. पायांतल्या मुंग्या गेल्या. गोळ्यांचं पाकीट फळीवर धूळ खात पडलं. रात्री पाठ टेकल्याबरोबर झोप येऊ लागली. पण खरं काय बदललं ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण ते सांगायचं तर आधीचं सांगावं लागलं असतं. मागच्या रमजानात, उपासाच्या सतराव्या दिवशी, तिने नवाफला न्हाणीघरातल्या स्टुलावर बसवलं होतं आणि तो "यम्मा, झालं" म्हणून हाका मारत असताना ती स्वयंपाकघरात कानांवर हात ठेवून बसून राहिली होती. पाऊण तास. तो घसरून भिंतीला टेकला होता, ओला, थंडीने निळसर. तेव्हा तिच्या मनात जे आलं होतं ते कुठल्याही आईच्या मनात येऊ नये. त्याने नंतर एक शब्द विचारला नाही. तिने सांगितला नाही.

आता तसं होत नसे. त्या गरम खोलीत दीड तास दुसरं काही सुचायलाच जागा नसायची. घाम डोळ्यांत जायचा, छाती भात्यासारखी चालायची, आणि नवाफचा श्वास मोजण्याची जी सवय बारा वर्षं तिच्या डोक्यात घड्याळासारखी टिकटिक करत होती, ती तेवढ्यापुरती थांबायची. बाहेर आली की डोकं धुतल्यासारखं रिकामं वाटे. घरी आल्यावर ती त्याच्यावर खेकसत नसे. आधी या शांततेची तिला लाज वाटली, मग सवय झाली.

नवाफच्या छातीत मात्र दिवसेंदिवस हवा कमी मावत होती. संध्याकाळी ती त्याच्या पलंगावर चढून त्याला आपल्या पाठीला पाठ लावून बसवायची, उशांच्या आधाराने, आणि जानसेतने शिकवलेला लांब श्वास घ्यायची. तो तिच्या पाठीच्या हालचालीवर आपला श्वास जुळवायचा. आकडे मोजत आधी आठापर्यंत जुळायचा. दुसरा हिवाळा आला तेव्हा चारापर्यंत.

"तू पुढे चाललीस," तो म्हणायचा. "थांब जरा माझ्यासाठी."

"थांबलेय."

"नाही थांबलीस. तू फार निरोगी झालीस, यम्मा."

जानेवारीत बर्फ पडला. नवाफला दोन दिवस ताप होता. छातीत घरघर होती आणि खोकून बाहेर टाकायची ताकद नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याचे ओठ शाईसारखे झाले. फिद्दाने ॲम्ब्युलन्सला फोन केला. ती बेकरीपाशी, खालच्या रस्त्यापर्यंत येईल, त्याहून वर येणार नाही, असं कळलं. जबल नझीफच्या टेकडीवरच्या तिच्या घरापासून खालच्या रस्त्यापर्यंत एकशे अठरा पायऱ्या होत्या आणि सगळ्यांवर बर्फ.

अबू इसाम आपल्या जावयाला, माझिनला, घेऊन आले. माझिन आडदांड गडी. त्याने नवाफच्या दोन्ही काखांत हात घातले आणि उचलायला गेला. नवाफचे खांदे वर सरकले आणि तो त्या हातांमधून ओल्या साबणासारखा खाली निसटला. डोकं पलंगाच्या काठावर आपटता आपटता फिद्दाने पकडलं. काखांत धरायला त्याच्या खांद्यांत काही उरलंच नव्हतं. अनोळखी माणसाला ते कसं ठाऊक असणार.

"खुर्चीत बसवून दोघं नेऊ," माझिन घाबरून म्हणाला.

"पायऱ्यांवर तुमचे दोघांचे पाय घसरले तर? माझ्या पाठीवर बांधा."

"उम्म नवाफ, वेड लागलं का? अठ्ठेचाळीस किलो आहे तो," अबू इसाम म्हणाले.

"किती आहे ते मला सांगता का तुम्ही?"

ती पलंगाच्या काठाशी पाठ करून बसली. त्यांनी नवाफला तिच्या पाठीवर टेकवलं, चादरीने दोघांना एकत्र बांधलं आणि त्याचं डोकं कलंडू नये म्हणून तिच्या शालीने तिच्या खांद्याला बांधलं. तिने टाचा रोवल्या, पोट आत घेतलं आणि उठली. माझिन फावडं घेऊन पुढे, पायरीपायरीवरचा बर्फ खरवडत. अबू इसाम मागे, छत्री धरून, जिचा काही उपयोग नव्हता.

पन्नास पायऱ्या झाल्या. मग तिच्या कानाशी कुजबुज झाली.

"यम्मा. पडलो तर तू खाली, मी वर. मला गादी आहे."

"गप. श्वास जपून वापर."

"तुझाच वापरतोय. तुझी पाठ वर-खाली होतेय ना, तिच्याबरोबर होतोय. फुकटचा आहे."

तिने श्वास आणखी लांब केला. नाकातून आत, चार पायऱ्या. नाकातून बाहेर, चार पायऱ्या. मांड्या पेटल्या होत्या, पण गुडघे थरथरले नाहीत, पाठीत कुठे कळ आली नाही. आयुष्यात आपलं शरीर इतकं आपल्या ताब्यात कधीच नव्हतं, असं तिला त्या वेळी वाटलं, आणि त्या वाटण्यात आनंद होता. नंतर कित्येक महिने तिला याच गोष्टीचं सगळ्यात जास्त आश्चर्य वाटत राहिलं, की त्या पायऱ्यांवर ती सुखी होती. खाली गाडीत दोघांना सोडवताना गणवेशातला माणूस म्हणाला, "मावशी, तुम्ही एकट्यांनी आणलं याला?" नवाफने डोळे उघडले. "नाही," तो म्हणाला. "दोघांनी."

त्याचं हे शेवटचं स्पष्ट बोलणं. दवाखान्यात त्याच्या घशात नळी घातली, मशीन त्याच्या वतीने श्वास घेऊ लागलं. अकरा दिवस ती काचेबाहेर बसून होती. आत सोडत तेव्हा त्याचा हात धरायची आणि त्याची बोटं तिच्या तळव्यावर काहीतरी लिहायची, पण ती कधी शाळेत फार शिकलेली नव्हती आणि अक्षरं पूर्ण होत नव्हती. एका मंगळवारी सकाळी, बर्फ वितळून गटारं वाहत असताना, तो गेला.

तीन दिवस दुखवट्याची कडू कॉफी फिरली. आलेल्या बायका तिचे गुडघे दाबत एकच म्हणत होत्या, "सुटला गं बिचारा. आणि तूही सुटलीस. आता जरा स्वतःकडे बघ." ती सगळ्यांना मान हलवत होती. चौथ्या दिवशी घर रिकामं झालं. पण हाक तीच राहिली. दुकानदार, शेजारी, मशिदीतला माणूस, सगळे अजून तिला उम्म नवाफच म्हणत. दुसरं काय म्हणणार.

ती कामावर गेली नाही. सकाळी आठलाही उठायचं कारण नव्हतं, तरी ती सहाला उठायची. उठल्यावर पलंगाशी जाऊन उभी राहायची, हात पुढे यायचे आणि मग परत फिरायचे. दुपारी ती शेगडी न पेटवता उघड्या फरशीवर पाठ टेकून पडायची. हेतू असा की गार लागून पाठ धरावी. बारा वर्षं ती कळ तिच्याबरोबर होती. नवाफच्या वजनाची ती पावती होती. तो गेला, निदान त्या कळेने तरी परत यावं. ती एक आठवडा पडली, दोन आठवडे पडली. जुने जड गालिचे मुद्दाम कंबरेतून वाकून ओढले. कळ आली नाही. रात्री झोप लागायची, गाढ, स्वप्नांशिवाय, लहान मुलासारखी, आणि सकाळी जाग आली की तिला स्वतःची किळस यायची.

जानसेत एकदा घरी आली. एवढ्या पायऱ्या चढून तिलाही धाप लागली होती. तिने आणलेली केकची पेटी न उघडताच मधे पडून राहिली.

"कधी येताय?" तिने विचारलं.

"कशाला येऊ, मिस? मला काही दुखत नाही."

"दुखतं म्हणूनच येतात असं नाही. या वेळेला तर जास्तच..."

"तुम्ही म्हणाला होतात, शरीर हलकं झालं की मन हलकं होतं. झालं होतं. खोटं नाही बोलणार. तुमचे उपकार आहेत. पण आता मला हलकं व्हायचं नाही. माझ्या अंगावर आता काहीच उरलेलं नाही. अजून किती हलकी होऊ?"

जाताना जानसेतने फिद्दाचे खांदे धरले आणि नकळत, सवयीने, मणक्यावरून बोट फिरवून पाहिलं. मणका सरळ होता.

मार्चमध्ये फिद्दा जेवत नाही म्हणून अबू इसाम तिला धरून सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर तोच, पूर्वीचा. त्याने नवी फिल्म जुन्या फिल्मशेजारी लावली आणि चष्मा वर सरकवला.

"काय केलंत तुम्ही?"

"घाम गाळला."

"रक्तदाब विशीतल्या पोरीसारखा आहे. अशाच राहिलात तर नव्वदीपर्यंत कुणी हात लावत नाही तुम्हाला."

त्याला वाटलं त्याने आनंदाची बातमी दिली. परत येताना टॅक्सीत दाटीवाटीने बसलेल्या माणसांमध्ये फिद्दाने आपलं वय चौपन्न आणि ते नव्वद यांची वजाबाकी केली. छत्तीस. तिने पुन्हा करून पाहिली. तेवढीच आली. नवाफच्या अख्ख्या आयुष्याची दीडपट आणि वर थोडी. अबू इसाम खिडकीतून बाहेर बघत होते. ते म्हणाले, "बरं झालं, काही निघालं नाही." ती म्हणाली, "हो."

एप्रिलमध्ये दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंचा फोन आला. झर्काहून एक बाई आहे, तिच्या मुलाला तोच आजार, तुमच्याकडचा पलंग पडून असेल तर तिला द्याल का. फिद्दाने या म्हणून सांगितलं.

तिचं नाव इब्तिहाल. एकोणतीस-तीस वर्षांची, गोरीपान, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. बरोबर तिचा भाऊ आणि त्याचा मित्र होता. त्या दोघांनी पलंगाचे भाग सुटे केले आणि एकेक करून पायऱ्यांवरून खाली नेऊ लागले. बायका दोघी खोलीत राहिल्या. पलंगाच्या जागी फरशीचा एक फिकट चौकोन उघडा पडला होता. इब्तिहाल बोलताना डावा हात कंबरेवर दाबून धरत होती. तिच्या अंगाला दुखण्याच्या मलमाचा उग्र वास होता. तो वास फिद्दाने कित्येक महिन्यांत घेतला नव्हता.

"मुलगा कितीचा?"

"दहाचा, खाला. या हिवाळ्यात चालायचा थांबला."

"वजन?"

"एकतीस."

"वाढेल."

इब्तिहालने मान खाली घातली. मग विचारलंच. "तुमचा कितीचा होता, खाला?"

"तेवीसचा."

त्या पोरीच्या डोळ्यांत काहीतरी लुकलुकलं. ती मनातल्या मनात वजाबाकी करत होती: तेरा वर्षं. तिला ती पुष्कळ वाटत होती. फिद्दाला तो हिशेब ओळखीचा होता. नवाफ दहाचा असताना ती स्वतः तसाच करून बसली होती. तिने तिला काही सांगितलं नाही. तेरा वर्षं किती झटकन जातात हेही नाही, आणि किती लांबतात हेही नाही.

"कशी उचलतेस त्याला?"

"अशी." इब्तिहालने हवेत कुणाच्या तरी काखांत हात घातले आणि कंबरेतून वाकली. वाकतानाच तिचं तोंड कळवळलं.

"असं उचललंस तर वर्षभरात तूच आडवी होशील. आणि पोरगा निसटेल हातातून. इकडे ये." फिद्दा नवाफच्या खुर्चीत जाऊन बसली. ती खुर्ची दुसऱ्या फेरीत जायची होती. "मला उचल."

"तुम्हाला? खाला, मी कशी..."

"उचल म्हणते ना. एक हात पाठीमागून, पार पलीकडच्या बरगडीपर्यंत. दुसरा गुडघ्यांखालून. छाती माझ्या छातीला लाव. गुडघे वाकव, कंबर नको. अजून खाली. आता श्वास सोड आणि सोडतानाच ऊठ."

फिद्दाने आपले हात सैल सोडले. मान टाकली. पायांतला जोर काढून घेतला, म्हणजे नवाफ असायचा तशी ती झाली. इब्तिहालने जोर लावला आणि दोघी पुन्हा खुर्चीवर आल्या.

"श्वास कोंडलास. कोंडायचा नाही. परत."

दुसऱ्या वेळी इब्तिहाल खाली बसली, मलमाचा वास जवळ आला, एक लांब उच्छ्वास फिद्दाच्या मानेवर लागला आणि तिची पावलं फरशीवरून सुटली. इब्तिहाल थोडी डगमगली, मग टाचांवर स्थिर झाली. फिद्दाचं डोकं तिच्या खांद्यावर कलंडलं होतं. खालच्या रस्त्यावर भाऊ आणि मित्र गाडीत पलंगाचा सांगाडा ठेवत होते, त्याचा आवाज येत होता.

"जमलं, खाला," इब्तिहाल दबक्या आवाजात म्हणाली. "पाठीत आलं नाही काही. ठेवू खाली?"

"दहा आकडे मोज," फिद्दा तिच्या खांद्यात म्हणाली. "मग ठेव."

इब्तिहालने मोजायला सुरुवात केली, सावकाश, एका आकड्याला एक श्वास. दहा झाले. फिद्दाचे सैल सोडलेले हात केव्हातरी वर येऊन इब्तिहालच्या पाठीमागे एकमेकांत अडकले होते. इब्तिहालने जरा वेळ वाट पाहिली, पाय थोडे फाकवून उभी राहिली, आणि पुढे मोजू लागली. अकरा. बारा.